अण्णांची बारा भगुनी

आमच्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस परमेश्वराने एकच घडवला, आणि तो घडवून झाल्यावर परमेश्वर स्वतःही थोडा जपून वागू लागला असावा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार मुरूम. बाजारपेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान, त्यामुळे गावाला ते भांडेवाले अण्णा आणि आम्हालाही अण्णाच. दुकानाला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, दहा पावलं चालून परत येत आणि चौथ्यांदा ओढत. एसटीच्या पाटीवर ‘उमरगा’ असं ठसठशीत लिहिलेलं असलं तरी गाडी कुठं चालली हे कंडक्टरला विचारत, आणि कंडक्टर ‘उमरगा’ म्हणाला की शेजारच्या प्रवाशाला हळूच विचारत, "खरं सांगायलाय का ह्यो?" एकदा तो शेजारचा प्रवासी मीच होतो. मी ‘हो’ म्हणालो तरी त्यांनी पुढच्या बाकावरच्या बाईंनाही विचारून घेतलं.

अशा माणसाने उतारवयात क्रिप्टोच्या नादी लागावं, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला न उलगडलेलं कोडं होतं. जो गृहस्थ शंभराची नोट उजेडाकडं धरून बघितल्याशिवाय गल्ल्यात टाकत नाही, त्याने दिसत नाही, वाजत नाही, मोडीत घालता येत नाही असा पैसा घ्यावा? पण झालं तसं. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं होतं, लोक भांडीसुद्धा मोबाईलवरून मागवायला लागले होते. रिकामपणी अण्णाही मोबाईलमध्ये डोकं घालून बसत, आणि तिथं त्यांना हे प्रकरण सापडलं. सुरुवातीला त्यांनी कुठल्याशा ॲपवर थोडे पैसे ठेवले. एका सकाळी ते ॲप उघडेना. दुपारी उघडेना. आठवड्याने कळलं की ॲपवाल्यांनीच शटर ओढलं. दुसरा कुणी असता तर कानाला खडा लावून मोकळा झाला असता. अण्णा मला म्हणाले, "पावणं, चूक पैशाची न्हाय. चावी दुसऱ्याच्या खिशात ठिवली, ही चूक. दुकान माझं आन् कुलपाची चावी शेजाऱ्याकडं, आसं मी कधी केलतो का?"

मग त्यांनी एक डबी मागवली. हार्डवेअर वॉलेट म्हणतात तिला. दिसायला पेन ड्राइव्हपेक्षा थोडी मोठी. तीसुद्धा कुठून सवलतीत नाही, वापरलेली नाही, थेट तयार करणाऱ्या कंपनीकडून. पार्सल आलं तेव्हा मी योगायोगाने मुरूमलाच होतो. अण्णांनी घड्याळजीकडून भिंग आणवलं, पाकिटाचं सील चारी बाजूंनी तपासलं आणि एक कोपरा किंचित उचलल्यासारखा वाटतो म्हणून पार्सल परत पाठवलं. दुसरं आलं, त्याचं सील पसंत पडलं. एवढं झाल्यावर ती डबी त्यांनी अक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीबाईंना, दाखवली. त्यात पैसे नसतात, नुसती चावी असते, असं समजावलं.

"मग पैसे कुठंयत?" अक्कांनी विचारलं.

"सगळ्या जगात."

"मग आपल्या घरात का न्हायती?"

यावर अण्णांनी डबी अक्कांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हे बघ, तुझे गुडघे हैत ह्यात."

अक्कांचे गुडघे हा त्या घरातला खरा विषय होता. उभा जन्म दुकानात सामान चढवून-उतरवून त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या. खाली बसता येत नसे, जिना चढायचा तर कठड्याला धरून एकेका पायरीवर थांबत. सोलापूरच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते, आणि अण्णांनी त्या डबीत जे काही जमवलं ते त्याच एका कामासाठी. पण अण्णांचा स्वभाव असा, की ज्या गोष्टीसाठी जपून ठेवायचं तिच्यासाठीसुद्धा ती हलवताना त्यांचा हात अडखळे. अक्कांनी विषय काढला की ते म्हणत, "आत्ता फी लई चढली. जरा उतरू दे." आणि अक्का ओट्याला टेकून उभ्या उभ्या भाकरी थापत राहत.

या फीचं त्यांनी मला इतकं शिक्षण दिलं आहे, की मी त्यावर परीक्षा देऊ शकेन. या पैशाची देवाणघेवाण करताना दर खेपेला फी पडते. गर्दी असली की ती चढते, सामसूम असली की उतरते. आणि ती रकमेवर नसते, खेपेवर असते. थोडं पाठवा की जास्त, खेप एक तर फी एक. म्हणून बारीकसारीक खेपा करायच्या नाहीत, साठवून एकदम करायचं, तेही रविवारी सकाळी, जग झोपलेलं असताना. हे सगळं योग्यच आहे. पण अण्णांनी हा नियम डबीपुरता न ठेवता संसाराला लावला. उमरग्याला एका कामासाठी जाणं त्यांनी बंद केलं. दाताचा डॉक्टर, चष्म्याची काडी आणि निदान दोन तरी दुखवटे जमल्याशिवाय ते एसटीत पाय ठेवत नसत. एका घरी तर ते दुखवट्याला गेले तेव्हा वर्षश्राद्धाची तयारी चालली होती. अण्णा जराही न ओशाळता पंगतीला बसले आणि घरच्यांना म्हणाले, "गर्दीत यायचं न्हाय म्हणून थांबलतो."

दुसरा त्यांचा नियम, आधी चिल्लर पाठवायची. मोठी रक्कम पाठवण्याआधी नाममात्र काहीतरी पाठवून ते बरोबर ठिकाणी पोचलं का बघायचं, आणि मगच बाकीचं. का, तर या व्यवहारात चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत येत नाही, आणि तक्रार ऐकायला कुठं खिडकीही नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी मला आंबे पाठवायचे ठरवले. आदल्या दिवशी मुरूमहून धाराशिवला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर एक आंबा आला. नुसता एक. वर चिठ्ठी: ‘पोचल्याचे कळवावे.’ मी कळवलं. दुसऱ्या दिवशी पेटी आली. तिच्यात एक आंबा कमी होता. तो आधीच पाठवला होता ना.

पत्त्याचे आकडे-अक्षरं बघताना लोक पहिली चार आणि शेवटची चार बघतात, मधलं बघत नाहीत, आणि लबाड लोक नेमका टोकं जुळणारा खोटा पत्ता पुढं करतात, असंही त्यांनी मला शिकवलं. त्यामुळे आमच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा अण्णांनी ती मधूनच वाचायला सुरुवात केली. आणि फोनचं विचारू नका. आजकाल दुसऱ्याचा हुबेहूब आवाज काढून पैसे लुबाडतात हे कुठंसं ऐकल्यापासून, मी फोन केला की अण्णा आधी एक प्रश्न विचारत. "पावणं, तुमच्या लग्नात तुमच्या अंगावर काय सांडलतं?" मी म्हणायचो, "मठ्ठा." मग पलीकडून, "व्हय, बोला आता." दर फोनला हाच प्रश्न आणि हेच उत्तर. एकदा ऑफिसात सगळ्यांसमोर मला चारदा ‘मठ्ठा, मठ्ठा’ असं ओरडावं लागलं, कारण रेंज नव्हती.

आपल्याकडं किती आहे हे कुणाला सांगायचं नाही, हाही नियम. तो इतका अंगात मुरला होता की अक्कांनी "किती भाकऱ्या टाकू?" असं विचारलं तरी ते म्हणत, "टाक की, सांगतो नंतर." आमच्या घरी जेवायला बसले की माझी बायको वाढत राही आणि अण्णा ‘बास’ म्हणत नसत, ‘वाढ’ही म्हणत नसत. अंदाजानेच सगळं.

आता या सगळ्या सावधपणाचं शिखर सांगतो. त्या डबीबरोबर बारा इंग्रजी शब्द मिळतात. डबी हरवली, मोडली, चोरीला गेली तरी हे बारा शब्द त्याच क्रमाने नव्या डबीत भरले की सगळं परत मिळतं. उलट ते दुसऱ्याच्या हाती लागले तर सगळं त्याचं. म्हणून त्यांचा फोटो काढायचा नाही, मोबाईलमध्ये लिहायचे नाहीत, कुणालाही सांगायचे नाहीत. कागदावर लिहावेत तर वाळवी, पाणी, आग. जाणकार सांगतात, धातूवर कोरून ठेवा. हे वाचलं आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात, कारण गेली चाळीस वर्षं हा माणूस दुसरं काही करतच नव्हता. दुकानात भांडं घेतलं की त्यावर नाव घालून देणारी ती गुरगुरणारी मशीन त्यांच्या हाताला लेखणीसारखी सवयीची. निम्म्या मुरूमच्या स्वयंपाकघरात अण्णांचं अक्षर आहे.

त्यांनी एकात एक बसणारी बारा भगुनी काढली. भगुनं म्हणजे पुण्याकडं ज्याला पातेलं म्हणतात ते. सगळ्यात मोठ्यात पंचवीस माणसांचा भात शिजेल, सगळ्यात धाकट्यात जेमतेम एका घराचं दही लागेल. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, हाच क्रम. प्रत्येकाच्या काठावर त्यांनी एकेक शब्द कोरला, पण नुसता शब्द कोरला तर संशय यायचा, म्हणून आहेराच्या भांड्यावर घालतात तसं घातलं: ‘श्री. गिटार यांजकडून सप्रेम भेट.’ ‘सौ. पंपकिन व परिवार.’ ‘लॅडर बंधू.’ (ही नावं मी बदललेली आहेत. खरी लिहिली तर अण्णा माझ्या स्वप्नात येऊन मठ्ठा विचारतील.) आणि बाराही भगुनी स्वयंपाकघरातल्या मांडणीवर राजरोस लावून टाकली. चोर आला तर कपाट फोडेल, आमटीचं भांडं कशाला बघेल?

अक्कांना मात्र वेगळीच काळजी लागली. एवढ्या लोकांनी आपल्याला आहेर केला आणि आपण त्यांना परत काही केलं नाही. "हे गिटार कोण ओ?" त्यांनी विचारलं.

"हैत, गुलबर्ग्याकडचे."

"आपल्यातलेच का?"

"व्हय, लांबचे."

लेकीचं, शोभाचं, लग्न ठरलं तेव्हा अक्कांनी आमंत्रणाच्या यादीत गिटार, पंपकिन, लॅडर धरून बाराही घरं घातली. अण्णांनी यादी बघितली, ‘इर्ली बिडू’ असं कानडीत पुटपुटले, म्हणजे असू दे आता, आणि गुपित फुटू नये म्हणून बारा पत्रिका खरोखर टपालाच्या पेटीत टाकून आले, बिनपत्त्याच्या. लग्नात अक्का शेवटच्या पंगतीपर्यंत दाराकडं बघत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "लई मोठी माणसं दिसतेत. आली न्हायती."

असा हा बंदोबस्त. त्यात एकच भोक होतं, आणि जन्मभर भांडी विकलेल्या माणसाला ते दिसलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. भांडं घरात राहत नाही. शेजारी बारसं निघालं की मोठं भगुनं गेलं. कुणाची लेक माहेराला आली की तिच्यासाठी मधल्यात आमरस गेला. आणि आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यात काहीतरी घालूनच द्यायचं. मग ते काहीतरी होईपर्यंत भांडं तिथंच राहतं, महिना, सहा महिने, वर्ष. अक्कांचा हात सढळ. बघता बघता बारातली सात-आठ भगुनी मुरूमभर पसरली, आणि अण्णांच्या बायकोचे गुडघे गल्लोगल्लीच्या मांडण्यांवर जाऊन बसले.

अण्णांना हे कळलं त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. भगुनी परत मागावीत तर लोक म्हणणार, भांड्याच्या दुकानदाराला भांडं कमी पडलं. अक्कांना खरं सांगावं तर गुपित दोघांचं झालं. तेव्हा त्यांनी गावात चहाला जायला सुरुवात केली. जन्मात कुणाच्या घरी विनाकारण न गेलेला माणूस आज या घरी, उद्या त्या घरी. बैठकीत बसायचं नाही, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. गप्पा पावसाच्या, डोळे मांडणीवर. आपलं भगुनं दिसलं की चेहरा निवळायचा, चहा संपायचा, अण्णा निघायचे. मागच्या गल्लीतल्या फातिमाबी एकदा अक्कांना म्हणाल्या, "अण्णा की तब्येत तो बराबर है ना? हमारे बरतनां गिनते बैठते."

आमच्या घरीही एक भगुनं होतं. सगळ्यात धाकटं. आम्ही धाराशिवला स्वतःचं घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला अक्कांनी त्यात तूप भरून दिलं होतं. तूप कधीच संपलं. भगुन्यात माझी बायको दही लावते. परत द्यायचं राहून गेलं ते गेलंच. पण रोजच्या दह्याच्या भांड्याचा काठ कोण वाचतो? मला त्यात काही विशेष आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की अण्णांना आमच्याकडचं दही फार आवडतं. आले की हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात. "बघू, दही कसं लागलंय." ते भगुनं हातात घ्यायचं, काठावरून गोल फिरवायचं, खाली ठेवायचं आणि दोन चमचे दही मागून घ्यायचं. "झ्याक लागलंय," म्हणायचं. माझी बायको खूश व्हायची.

मागच्या दिवाळीनंतर मी मुरूमला गेलो होतो. परत निघताना अण्णा स्टँडवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. दोन्ही बाजूंना बघून घेऊन ते म्हणाले, "पावणं, एक सांगून ठिवतो. मला काय झालं तर भगुनी गोळा करा. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. काठावरचं वाचा. ते डबीचे शब्द हैत."

मी हसलो. मला तेव्हाच त्या गिटार-पंपकिनचा उलगडा झाला आणि हसू आवरेना. म्हणालो, "अण्णा, ती तर गावभर झालीत. आणि अक्कांना तरी सांगा की."

"सांगतो. ह्या रविवारी फी उतरली की तिचं काम करूनच टाकतो, मग सांगतो." मग म्हणाले, "अकरांची काळजी हाय. एक बरोबर जागी हाय."

मला वाटलं, एखादं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं असेल. गाडी आली. ती कुठं चालली हे त्यांनी माझ्यासाठी कंडक्टरला विचारलं.

तो रविवार आला नाही. शुक्रवारी दुपारी दुकानाचं कुलूप लावून अण्णा निघाले, दहा पावलं गेले, कुलूप ओढून बघायला परत आले आणि तिथंच पायरीवर बसले. माणसं जमेपर्यंत सगळं संपलं होतं. चौथ्यांदा ओढायचं राहिलं, असं शेजारचा किराणावाला मला सांगत होता. मला हा माणूस किती हवा होता, हे मला त्या पायरीवर उभं राहून कळलं.

माती करून आम्ही घरी आलो. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भावकीतले लोक कडू घास घेऊन येतात. अक्का भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांना त्या दिवशीही खाली बसता आलं नाही. मी ओसरीत होतो. किराणावाल्याच्या घरून पिठलं आलं. मी भांडं घ्यायला पुढं झालो, काठाला हात लागला आणि बघतो तर ‘लॅडर बंधू’. मागून कुणाचा भात आला, ‘श्री. गिटार यांजकडून’. फातिमाबी आमटीचं भगुनं दोन्ही हातांनी धरून दारात उभ्या. म्हणाल्या, "लई दिन से हमारेच पास था. अण्णा का बरतन, खाली कैसा देते?" आणि पदर डोळ्यांना लावला. तीन दिवसांत गावाने अण्णांची भगुनी एकेक करून आणून दिली, एकही रिकामं नाही. जो माणूस वर्षभर दारोदार चहा पीत ती शोधत फिरला, त्याच्या घरी ती आपल्या पायांनी चालत आली. मी ती घासूनपुसून एकात एक बसवत गेलो. घरात होती ती धरून अकरा झाली. सगळ्यात धाकटं नव्हतं.

इकडं शोभा डबी घेऊन बसली होती. तिचा पिन कुणाला ठाऊक नव्हता, आणि ठरावीक वेळा चुकला की डबी आपोआप पुसली जाते हे ठाऊक असल्याने हात लावायची भीती. तिच्या कुणा ओळखीच्याकडून एका तज्ज्ञाचा फोन आला. अगदी आर्जवी आवाज. म्हणाला, "तुमच्याकडे जे शब्द असतील ते व्हॉट्सॲपवर पाठवा, मी उघडून देतो." शोभाने फोन माझ्याकडं दिला. मी त्याला विचारलं, "माझ्या लग्नात माझ्या अंगावर काय सांडलं होतं?" तो गोंधळला. मी फोन ठेवला. त्या घरात तीन दिवसांत पहिल्यांदा अक्का हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

मग मी अक्कांपाशी बसून सगळं सांगितलं. आहेर कुणाचा नव्हता, गिटार-पंपकिन कुणी नव्हतं, तुमच्या गुडघ्यांचे शब्द होते. अकरा मिळाले, बाराव्यावाचून अकराही फुकट. "अक्का, सगळ्यात धाकटं भगुनं कुणाला दिलंत, आठवा."

अक्कांना आठवायची गरजच पडली नाही. "ते तुमच्याकडंच हाय की. वास्तूला तूप घालून दिलतं न्हाय का. तुमी दही लावताव त्यात."

मी म्हणालो, "म्हणूनच अण्णांना आमच्याकडचं दही आवडायचं."

"ह्यांला?" अक्का म्हणाल्या. "ह्यांला दही कुठं चालायचं. दोन चमचे खाल्लं की आठ दिवस सर्दी. घरात तर शिवायचे न्हाईत."

सख्ख्या बायकोला भाकऱ्यांचा आकडा न सांगणाऱ्या त्या माणसाने शेवटचा शब्द आमच्या स्वयंपाकघरात ठेवला होता, आणि तो जागेवर आहे एवढं बघायला दर खेपेला सर्दी पत्करली होती. मागितलं असतं तर मी तेव्हाच दिलं असतं. ते मागत नव्हते. बरोबर जागी हाय, असं त्यांनी मला स्टँडवर सांगितलंच होतं आणि मी लॉकर शोधत होतो. इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याचं मला आजही सुख होतं आणि वाईटही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी ते भगुनं धाराशिवहून आणलं. रिकामं कसं आणणार, बायकोने त्यात दही लावून दिलं होतं. पुढचं सगळं अण्णांच्या शिस्तीने केलं. नवी डबी थेट कंपनीकडून मागवली, सील भिंगाने बघितलं. शब्द मोबाईलवर नाही, डबीतच भरले, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. रविवारी सकाळी, ते विकून रुपये देणाऱ्या कंपनीचा पत्ता शोभाने वाचला, पहिली चार अक्षरं, शेवटची चार आणि मी मधली. आधी चिल्लर पाठवली. पोचल्याचं कळल्यावर बाकीचं. फी खरंच कमी लागली, आणि ते सांगायला माणूस नव्हता. सरकारचा कर भरून जे उरलं त्यातून सोलापूरला अक्कांचे दोन्ही गुडघे झाले. किती उरलं ते सांगत नसतात.

गेल्या महिन्यात अक्का आमच्याकडं राहून गेल्या. आमचा जिना कठड्याला न धरता चढून आल्या, मधे एकदाही थांबल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी ते धाकटं भगुनं काढलं, तुपाने काठोकाठ भरलेलं. आता त्या शब्दांनी काही उघडत नाही. तरी काठावर काय लिहिलंय हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तूप संपलं आणि भगुनं पुन्हा दह्याला लागलं. खरं तर ते परत द्यायला हवं, पण रिकामं देता येत नाही. बायको दर खेपेला काहीतरी करते, भगुन्याकडं बघते आणि म्हणते, "हे नको, ह्याहून चांगलं कायतरी घालू." असं काय घालावं, ते आम्हा दोघांनाही अजून सुचलेलं नाही. मी सकाळी स्वयंपाकघरात जातो, भगुनं काठावरून गोल फिरवतो आणि खाली ठेवतो. दही झ्याक लागलेलं असतं.